टेक्निकल सिरॅमिकचा पहिला पार्ट: माल निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

धातूचा नमुना बनवताना आधी ड्रॉइंग होतं, मग माल शोधला जातो आणि राहिलेल्या अडचणी मशीनवर निस्तरता येतात. सिरॅमिकमध्ये हा क्रम अंगाशी येतो. भट्टीत पक्कं भाजलेलं अल्युमिना (अल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक) फक्त हिऱ्याने कापलं जातं, तेही एका पासला (चाकाच्या एका फेऱ्याला) काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश. चुकून जास्त कापलं गेलं तर वेल्डिंग करून भर घालता येत नाही, आणि टवका उडाला तर पार्ट भंगारात. म्हणून खर्च आणि फूट या दोन्हींचा बराचसा निकाल माल आणि ड्रॉइंग ठरतानाच लागलेला असतो. नवख्याने एकच धोरण ठेवावं: बाजारात तयार मिळणारा आकार शोधायचा आणि त्याला कमीत कमी कापायचं.

उदाहरण म्हणून एकच पार्ट धरून चालू. व्हॅक्यूम चेंबरमधल्या हीटरचा आधार: ६० × ४० × ६ मिमीची पाटी, तिला एम४ स्क्रूसाठी चार भोकं, तापमान ६००° से. पर्यंत, आणि वीज अजिबात वाहायला नको.

पायरी १: गरज आकड्यांत लिहा

‘उष्णता सहन करणारं सिरॅमिक हवं’ एवढ्यावर कुठलाही पुरवठादार नीट उत्तर देऊ शकत नाही. सतत किती तापमान, क्षणभर किती, तापण्याचा वेग किती, किती व्होल्ट, भार कुठल्या दिशेने येतो, घासलं जाणार का, आणि नग किती, हे कागदावर घ्या.

यातल्या दोन गोष्टींकडे सर्रास दुर्लक्ष होतं. पहिली, तापण्याचा वेग. अल्युमिना १५००° ला मजेत राहतं, पण साधारण २००° चा अचानक फरक, म्हणजे तापलेल्या पार्टवर पाणी पडणं, त्याला तडा द्यायला पुरतो. दुसरी, भाराची दिशा. ९९.५ टक्के अल्युमिनाची वाकण्यातली ताकद ३०० ते ३८० एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं एकक) असते, दाबातली २००० च्या वर. सिरॅमिकवर दाब येऊ द्या, ताण आणि वाक धातूच्या भागाकडे सोपवा.

पायरी २: सिरॅमिक निवडा

ढोबळ मानाने दोन घराणी आहेत: साध्या टूलने कापता येणारी आणि हिऱ्याशिवाय न कापली जाणारी.

पहिल्या घराण्यात सगळ्यात सोयीचं मॅकर. कॉर्निंग कंपनीचं हे काचमिश्रित सिरॅमिक. सुमारे ५५ टक्के अभ्रकाचे बारीक स्फटिक आणि ४५ टक्के बोरोसिलिकेट काच. चीर पुढे सरकायला लागली की अभ्रकाच्या पापुद्र्यांवर अडते, म्हणून कार्बाइड टूलखाली ते भुकटी होऊन निघतं, फुटत नाही. कापून झाल्यावर भाजावं लागत नाही, त्यामुळे माप बदलत नाही. सच्छिद्रता शून्य, व्हॅक्यूमला चालतं, भार नसेल तर सतत ८००° पर्यंत. उणी बाजू म्हणजे ताकद (वाकण्यात जेमतेम ९४ एमपीए) आणि किंमत. छोटा ठोकळाही काही हजारांत जातो. अभ्रकवर्गातली इतर ‘मशिनेबल ग्लास सिरॅमिक’ स्वस्त मिळतात, पण लॉटनुसार त्यांची वागणूक बदलू शकते. तेव्हा डेटाशीट मागा आणि एक तुकडा आधी कापून पाहा.

हॉट-प्रेस्ड बोरॉन नायट्राइड पांढरं, हाताला साबणासारखं गुळगुळीत आणि खडूइतकं मऊ असतं. ते कोरडंच कापायचं. बोरिक ऑक्साइडचा बाइंडर (दाणे बांधून ठेवणारा घटक) असलेली ग्रेड ओलावा शोषते आणि पुढे तापवताना तडकते. पायरोफिलाइट, म्हणजे नैसर्गिक अल्युमिनियम सिलिकेटचा दगड, हाही चांगला पर्याय आहे आणि तो फारसा कुणाला आठवत नाही: आधी सहज कापायचा, मग १०००° ते ११००° ला भाजायचा. भाजताना तो आकसत नाही, उलट सुमारे २ टक्के वाढतो, म्हणून कापताना मापं तेवढी लहान धरायची.

दुसऱ्या घराण्याचा पाया अल्युमिना. ९६ टक्के आणि ९९.५ टक्के हे दोन दर्जे सगळीकडे मिळतात. झिरकोनिया (झिरकोनियम ऑक्साइड, ३ मोल टक्के यिट्रियावाला) तिप्पट मजबूत, धारेला चिवट, आणि त्याचं प्रसरण पोलादाच्या जवळ जातं. पंपाचे प्लंजर, नोझल, गाइड यांना उत्तम. मात्र साधारण ६००° च्या पुढे ते वीज वाहू लागतं आणि १५०° ते ३००° च्या दमट हवेत किंवा वाफेत हळूहळू कमकुवत होतं. हीटरच्या आधाराला म्हणून ते बाद. सिलिकॉन नायट्राइड अचानक तापमानबदलाला सर्वांत खंबीर. सिलिकॉन कार्बाइड घासण्याला. दोन्ही महाग, पहिल्या पार्टसाठी गरज नसेल तर वाटेला जाऊ नका. आणि जिथे ताकदीचा प्रश्न नाही, नुसतं इन्सुलेशन हवं, तिथे स्टिअटाइट (टाल्कच्या दगडापासून भाजलेलं सिरॅमिक) पुष्कळ झालं.

आपल्या पाटीसाठी निर्णय सोपा आहे. पहिले एक-दोन नग मॅकरमध्ये, आकार पक्का झाल्यावर ९९.५ टक्के अल्युमिनामध्ये.

पायरी ३: माल कुठे शोधायचा

सुरुवात सिरॅमिकच्या कारखान्यापासून करू नका. ‘एक नग’ म्हटलं की कारखान्याला साचा, प्रेसिंग, भट्टीची फेरी असं सगळं मोजावं लागतं, आणि तुमच्या हातात साच्याचं कोटेशन पडतं. आधी शेजारच्या धंद्यांकडे पाहा, जिथे हेच सिरॅमिक रोजचा माल म्हणून विकलं जातं.

थर्मोकपल बनवणाऱ्यांकडे अल्युमिना आणि मुलाइटच्या (अल्युमिना-सिलिकाच्या सिरॅमिकच्या) नळ्या कायम असतात: एका बाजूने बंद, दोन्ही बाजूंनी उघड्या, दोन किंवा चार भोकांच्या. तिथे भाव विचारताना ‘केर ७१०’ किंवा ‘रीक्रिस्टलाइज्ड’ म्हटलं की ९९.७ टक्क्यांच्या आसपासचं अल्युमिना समजतात, ‘केर ६१०’ म्हणजे मुलाइट. नव्या आयईसी ६०६७२ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तेच सी ७९९ आणि सी ६१०. स्टिअटाइट त्यात सी २२१ म्हणून येतं. स्टिअटाइटचे मणी, कनेक्टर, बुश मुंबईत लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिक मालाच्या दुकानांत पाकिटाने मिळतात.

इचलकरंजी, भिवंडी, सुरत अशा कापडाच्या गावांत सुताचे गाइड विकणारी दुकानं असतात. तिथली अल्युमिनाची आयलेट म्हणजे आतून पॉलिश केलेलं, गोल कडेचं तयार भोक; असं भोक जॉबवर्कने करून घ्यायचं म्हटलं तर कितीतरी पट पैसे पडतील. पंपाच्या मेकॅनिकल सीलच्या दुकानात अल्युमिना आणि सिलिकॉन कार्बाइडच्या लॅप केलेल्या (बारीक घासून अगदी सपाट केलेल्या) रिंगा, वेल्डिंगच्या दुकानात टिगचे गुलाबी नोझल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे ०.६३५ आणि १ मिमी जाडीची ९६ टक्के अल्युमिनाची पाटी (सब्स्ट्रेट). आणि हात बसवायला फुकटचा माल हवा असेल तर जुन्या मिक्सर नळाचं कार्ट्रिज उघडा. आतल्या दोन चकत्या लॅप केलेल्या अल्युमिनाच्या असतात.

तयार आकारात बसत नसेल तरच कारखाना. नाशिकला ज्योती सिरॅमिक, होसूरला कार्बोरंडम युनिव्हर्सल अशा ठिकाणी अल्युमिनाचं नियमित उत्पादन चालतं. संशोधनाच्या अंगाने काही हवं असेल तर कोलकात्याची सीजीसीआरआय (केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था) आणि हैदराबादची एआरसीआय (पावडर धातुशास्त्राचं संशोधन केंद्र) या संस्था आहेत. कारखान्याला विचारताना ‘तुमच्या चालू साच्यातली कुठली पाटी, दांडा किंवा रिंग माझ्या मापाच्या जवळ जाते?’ असं विचारा. या एका प्रश्नाने साच्याचा खर्च अनेकदा वाचतो. परदेशातून मागवत असाल तर तांत्रिक वापराच्या सिरॅमिकचं कस्टम टॅरिफमधलं शीर्षक ६९०९ आहे आणि विजेच्या इन्सुलेटिंग फिटिंगचं ८५४७. बिलावर नुसतं ‘सिरॅमिक सॅम्पल’ लिहून आलेलं पार्सल कस्टममध्ये रखडू शकतं.

भंगारातलं अनोळखी पांढरं सिरॅमिक मात्र कापू नका, घासू नका, फोडूही नका. जुन्या रेडिओ फ्रीक्वेन्सी पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये आणि उष्णता वाहून नेणाऱ्या वॉशरमध्ये बेरिलियम ऑक्साइड वापरलं जाई. दिसायला ते अल्युमिनासारखंच, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कायमचा आजार जडतो. घनतेवरूनही खात्री देता येत नाही, कारण बेरिलियाची घनता ३ च्या आसपास, स्टिअटाइटची २.७ ते २.८.

पायरी ४: ड्रॉइंग

धातूच्या ड्रॉइंगवर मालाचं नाव बदलून ‘अल्युमिना’ लिहिणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे.

आपल्या पाटीचंच बघा. चार भोकांपैकी दोघांमधलं अंतर ४० मिमी आणि खाली स्टेनलेसची पट्टी. तापमान २०° वरून ६००° ला गेलं, म्हणजे ५८०° चा फरक. स्टेनलेसचं प्रसरण दर अंशाला सुमारे १७ दशलक्षांश, अल्युमिनाचं ८. स्टेनलेस वाढलं ०.३९ मिमी, अल्युमिना ०.१९. फरक ०.२१ मिमीच्या घरात. एम४ ला सवयीने ४.२ चं भोक दिलं असेल तर स्क्रूला प्रत्येक बाजूला ०.१ मिमी मोकळीक. दोन्ही स्क्रू अगदी मधोमध असले तरी दोन भोकांत मिळून ०.२. म्हणजे स्क्रू भोकाच्या भिंतीला टेकला आणि पाटीला ताण बसायला लागला. प्रत्यक्षात स्क्रू मधोमध कधीच नसतो. उपाय: एक भोक ४.३ चं संदर्भासाठी ठेवा, बाकीची ५ मिमीची किंवा लांबट करा, आणि खाली वॉशर द्या.

इतर नियम थोडक्यात. आतल्या कोपऱ्याला किमान ०.५ मिमी त्रिज्या, शक्य तर १. टोकदार कोपरा म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण. बाहेरच्या प्रत्येक कडेला ०.२ ते ०.३ मिमी चॅम्फर (तिरका छाट). भोक आणि कड यांच्यामध्ये निदान भोकाच्या व्यासाएवढा माल. पक्क्या अल्युमिनात आटे पाडायचा विचार सोडा. आरपार भोक ठेवून नट लावा, नाहीतर धातूचा बुश चिकटवा. आंधळ्या भोकाचा तळ सपाट मागू नका.

टॉलरन्सवर, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकावर, पैसे जातात. भट्टीतून आलेला, न घासलेला पार्ट साधारण ±१ टक्क्यात येतो, कारण भाजताना तो लांबीत १५ ते २० टक्के आकसतो आणि सगळीकडे अगदी सारखा आकसत नाही. ६० मिमीवर हे ±०.६ होतं. त्याहून नेमकं हवं असेल तर हिऱ्याचं ग्राइंडिंग आलंच. म्हणून जिथे खरंच काही टेकतं किंवा बसतं तेवढेच पृष्ठभाग ‘ग्राइंड’ म्हणून दाखवा, बाकीचे ‘भाजल्यासारखे चालतील’ असं स्पष्ट लिहा. आपल्या पाटीत फक्त खालची बाजू ग्राइंड हवी. वरची आणि चारही कडा नाही. टवक्याची मर्यादाही ड्रॉइंगवर हवी, उदाहरणार्थ ‘कडेवरचा टवका ०.२ मिमीपेक्षा मोठा नको’. ती नसेल तर पार्ट हातात आल्यावर वाद होतो आणि दोघांचंही बरोबर असतं.

पायरी ५: मॅकर कापणं

साध्या लेथवर आणि मिलिंगवर होतं, पण सावकाश. नवखे हमखास चुकतात ते इथेच: मऊ आहे म्हणून अल्युमिनियमच्या वेगाने चालवतात. मग टूलची धार जाते, बोथट टूल कापण्याऐवजी ढकलतं आणि कडेचा टवका निघतो.

मिलिंगला कापण्याचा वेग मिनिटाला ६ ते ११ मीटर. ६ मिमीच्या कार्बाइड एंडमिलला ८ मीटर धरले तर सुमारे ४२५ आरपीएम. दर दाताला ०.०५ मिमी फीड (टूलचं पुढे सरकणं) म्हणजे चार दातांच्या टूलला मिनिटाला ८५ मिमी. लेथवर १० ते १५ मीटर: २० मिमीच्या दांड्याला १९० आरपीएमच्या आसपास, फीड फेरीला ०.०५ ते ०.१३. खोली मात्र बिनधास्त घेता येते, ४ मिमीपर्यंत. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलही चालतं, पण लवकर बोथट होतं, कार्बाइडच घ्या. पाण्यात मिसळणारं कूलंट सतत सोडा. ते टूल थंड ठेवतं आणि भुकटी वाहून नेतं.

पकडताना व्हाइसच्या जबड्यात जाड कागद किंवा पुठ्ठा घाला आणि दाब सगळीकडे सारखा येईल असं पाहा. एका कोपऱ्यावर आवळलेला जॉब व्हाइस सोडताना फुटतो. मिलिंगचं टूल बाहेरून आत आणा. कडेतून बाहेर पडताना टूल टवका घेऊन जातं. बाहेर पडणं टाळता येत नसेल तर त्या कडेला आधी चॅम्फर मारा.

भोक पाडताना मागच्या बाजूला १.३ मिमी तरी जादा माल ठेवा. ड्रिल बाहेर पडताना तिथे खळगा पडणारच. तो नंतर फेस मारून काढून टाकायचा. म्हणजे ६ मिमीची पाटी ७.५ मिमीच्या ठोकळ्यातून सुरू होते: आधी वरची बाजू, मग भोकं, शेवटी मागची बाजू मापाला. ६ मिमी ड्रिलला ३०० आरपीएम आणि फेरीला ०.१३ मिमी फीड. आटे पाडायचे असतील तर भोक धातूपेक्षा एक नंबर मोठं घ्या, एम४ ला ३.३ ऐवजी ३.५. भोकाच्या दोन्ही तोंडांना चॅम्फर द्या, टॅपवर पाणी सोडत राहा आणि टॅप एकाच दिशेने फिरवा. धातूत अर्धा वळसा पुढे, पाव मागे ही सवय हाताला असते. इथे मागे फिरवलं की आट्याची टोकं तुटतात.

पायरी ६: पक्कं अल्युमिना कापणं

आधी लेथ-मिलिंगची काळजी. अल्युमिनाचा गाळ म्हणजे घासपावडरच. तो स्लाइडमध्ये गेला की मशीनची अचूकता गेली. बेड आणि स्लाइड प्लास्टिकने झाका, कूलंटची टाकी वेगळी ठेवा, आणि चांगल्या मशीनवर हे काम मुळात घेऊच नका. घरगुती पातळीवर ५-६ मिमीपर्यंतची पाटी टाइल कटरवर पाण्यासकट कापता येते, पण पातं अखंड कडेचं हवं. खाचांचं पातं प्रत्येक खाचेला ठोका मारतं.

अल्युमिना चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे सरफेस ग्राइंडरवर ते लोखंडी पाटीवर चिकटवावं लागतं. चपडा लाख किंवा माउंटिंग वॅक्स चालतं. पाटी आणि सिरॅमिक दोन्ही थंड असताना हॉटप्लेटवर ठेवून एकत्र हळूहळू तापवा, लाख वितळली की सिरॅमिक दाबून खालची हवा काढा, आणि आपसूक थंड होऊ द्या. तापलेल्या पाटीवर थंड सिरॅमिक ठेवलं की टणकन आवाज येतो आणि काम संपतं. काढताना पुन्हा तसंच तापवा. चिकटलेली लाख स्पिरिटने निघते.

चाक रेझिन बाँडचं, हिऱ्याचं, रफिंगला (भरड घासायला) डी१२६, फिनिशिंगला डी४६; आकडा हिऱ्याच्या दाण्याच्या आकाराचा. २०० मिमी व्यासाचं चाक २८०० आरपीएमला सेकंदाला २९ मीटरने फिरतं, हे योग्य आहे. रफिंगला एका पासला १० मायक्रॉन, फिनिशिंगला २ ते ३, शेवटी खाली न उतरवता दोन-तीन पास. आता हिशेब करा: अर्धा मिमी माल काढायचा म्हणजे ५० पास, प्रत्येक पास पूर्ण पृष्ठभागावरून. म्हणून ब्लँक (कापण्याआधीचा तुकडा) मागवताना ग्राइंडिंगच्या बाजूला ०.२ ते ०.३ मिमीच जादा ठेवायला सांगा. ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून १ मिमी ठेवला की ग्राइंडिंगचं बिल तिप्पट.

चाकाचा आवाज बदलून किंचाळल्यासारखा झाला, पृष्ठभाग चमकायला लागला, पण डायल सरकत नाही, तर हिरे बोथट नाहीत. बाँडने झाकले गेलेत. पांढऱ्या अल्युमिनियम ऑक्साइडच्या दांडीने चाक उघडा. ते न करता खोली वाढवली तर पृष्ठभागाखाली बारीक चिरा जातात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, मात्र पार्टची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

भोकासाठी पोकळ डायमंड ड्रिल. ५ मिमीच्या ड्रिलला ३००० ते ४००० आरपीएम, हाताचा दाब हलका, दर ०.३ ते ०.५ मिमीला ड्रिल वर उचलायचं म्हणजे पाणी तळाशी पोचतं. साध्या बेंच ड्रिलवर जमतं: भोकाभोवती मातकामाच्या मातीची पाळ करून आत पाणी भरा. खाली काचेचा तुकडा लाखेने चिकटवा आणि शेवटच्या अर्ध्या मिमीला दाब निम्मा करा. ड्रिल काचेत उतरलं की टवका काचेचा उडतो, सिरॅमिकचा नाही. आतला गाभा ड्रिलमध्ये अडकून बसतो, तो प्रत्येक भोकानंतर मागून सुईने ढकलून काढा. तो तसाच ठेवला तर पुढच्या भोकात पाणी पोचत नाही आणि ड्रिल जळतं.

१ मिमीपर्यंतच्या सब्स्ट्रेटला लेसर सोपा. पूर्ण कापण्याऐवजी लेसरने ठिपक्यांची रेष जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत मारून घेऊन हाताने मोडणं स्वस्त पडतं. वॉटरजेटने जाड पाटी कापता येते, पण गार्नेट अल्युमिनापेक्षा मऊ असल्याने वेळ लागतो, कड तिरकी येते आणि मधूनच भोक पाडायला गेलं की पाटी फुटते. सुरुवात कडेपासूनच करायला सांगा. ईडीएमवाल्याकडे (विजेच्या ठिणगीने कापणाऱ्याकडे) अल्युमिना घेऊन जाऊ नका. वीज न वाहणाऱ्या मालावर तिथे ठिणगीच पडत नाही.

मधली वाट: डेंटल लॅब

झिरकोनियाचा छोटा, गुंतागुंतीचा पार्ट हवा असेल तर दातांच्या कॅप बनवणारी मिलिंग लॅब हा स्वस्त आणि जलद मार्ग आहे. बहुतेक सगळ्या मोठ्या शहरांत अशा लॅब आहेत. त्यांच्याकडे ९८ मिमी व्यासाच्या, अर्धवट भाजलेल्या चकत्या असतात. खडूसारख्या मऊ अवस्थेत त्या पाच अक्षांच्या मशीनवर कापल्या जातात आणि मग १४५०° ते १५५०° ला पक्क्या होतात.

प्रत्येक चकतीवर आकसण्याचा गुणांक छापलेला असतो, उदाहरणार्थ १.२३. लॅबचं सॉफ्टवेअर तेवढं मोठं करून कापतं, म्हणून तुम्ही एसटीएल (त्रिमितीय आकाराची) फाइल अंतिम मापाचीच द्या आणि ‘स्केल केलेली नाही’ असं सांगा. दोघांनी मोठं केलं की पार्ट जवळपास सव्वापट मोठा होऊन येतो, हे इथलं ठरलेलं संकट. २५ मिमीच्या चकतीतून २० मिमीच्या थोडा आतलाच पार्ट निघतो. माल पांढरा, ३वाय (३ मोल टक्के यिट्रियाच्या) दर्जाचा मागा. दातांसारखा पारदर्शक दिसणारा ५वाय माल ताकदीत बराच कमी असतो. लांब, पातळ पट्ट्या भाजताना वाकतात, त्या या मार्गाने करू नका. आणि चकतीला जोडणारे दांडे कुठल्या बाजूला ठेवायचे ते सांगून ठेवा, नाहीतर नेमके बसणाऱ्या पृष्ठभागावर त्यांचे उंचवटे राहतात.

पायरी ७: धूळ

शक्य तिथे सगळं ओलं. बोरॉन नायट्राइड आणि डेंटल झिरकोनिया कोरडे कापले जातात, तिथे व्हॅक्यूम सक्शन टूलपाशीच लावा. एन९५ मास्क ही किमान गरज. स्टिअटाइट, पोर्सिलेन यांत स्फटिकी सिलिका असू शकते, त्यांची कोरडी धूळ तर अजिबात नको. झाडू आणि हवेची गन बाजूला ठेवा. ओल्या फडक्याने पुसा. गाळ बेसिनमध्ये ओतला की पाइपात सिमेंटसारखा बसतो, तो बादलीत निवळू द्या आणि घट्ट झाल्यावर टाका.

पायरी ८: तपासणी

आधी आवाज. बाजारात मडकं वाजवून घेतात तसंच: पार्ट दोऱ्याने टांगून पेनाने हलकेच टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. मॅकरचा नाद मुळातच आखूड असतो, त्याची तुलना मॅकरशीच करा.

मग घनता. हवेत वजन करा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून. आपली पाटी भोकं पाडण्याआधी हवेत ५६.० ग्रॅम आणि पाण्यात ४१.६ भरली, तर ५६.० भागिले १४.४, म्हणजे ३.८९. हे ९९.५ टक्के अल्युमिनाला शोभतं. ३.७ च्या आसपास आली तर ९६ टक्के दर्जाचा माल आला आहे किंवा नीट भाजला गेलेला नाही. झिरकोनिया ६.०५ च्या जवळ, मॅकर २.५२.

चिरांसाठी शाई. लाल शाईत अल्युमिनाचा पार्ट दहा मिनिटं ठेवा, धुवा, पुसा, भिंगाखाली पाहा. चीर असेल तिथे लाल रेष राहते. सगळीकडेच गुलाबी छटा राहिली तर माल सच्छिद्र आहे, व्हॅक्यूमला निरुपयोगी. राहिलेली शाई ७००° ते ८००° ला भट्टीत हळूहळू तापवली की जळून जाते.

पांढऱ्या पार्टवर करड्या रेषा दिसल्या म्हणून घाबरू नका. व्हर्निअरचं किंवा चिमट्याचं स्टील अल्युमिनावर पेन्सिलसारखं उमटतं. खोडरबरने जातं, नाही गेलं तर अल्युमिनाला सौम्य नायट्रिक आम्ल चालतं, हातमोजे घालून. मॅकरला आम्ल लावू नका, ते त्याला खातं.

पायरी ९: बसवणं

व्यवस्थित बनलेले पार्ट पहिल्यांदा आवळताना फुटतात, आणि दोष मालाला दिला जातो. पाटीखालची जागा सपाट आहे का ते आधी पाहा, खाली ०.०५ मिमीचा बर (कापताना उरलेला उंचवटा) राहिला तरी स्क्रू आवळताना पाटी त्यावर वाकते. कमी तापमानाला स्क्रूच्या डोक्याखाली टेफ्लॉनचा किंवा मऊ वॉशर चालेल, पण आपल्या ६००° ला तांब्याचा अ‍ॅनील केलेला वॉशर द्या. चारही स्क्रू आधी बोटाने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. आवळल्यावर पाव फेरी सैल करा आणि वर डबल नट लावून ती स्थिती पक्की करा, म्हणजे तापल्यावर पाटीला सरकायला जागा राहते. व्हॅक्यूमसाठी बसवण्याआधी पार्ट अल्ट्रासॉनिकमध्ये धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून १५०° ला दोन तास सुकवा. त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका. बोटाचं तेल हीटर तापल्यावर काळा डाग होऊन पृष्ठभागावर बसतं आणि नेमकं तिथूनच वीज गळायला लागते.

पहिल्यांदा तापवताना मिनिटाला ५° च्या वर जाऊ नका, आणि ६००° ला पोचून परत थंड झाल्यावर चारही भोकांच्या कडा भिंगाखाली पुन्हा पाहा. चीर असेल तर ती भोकापासून जवळच्या कडेकडे गेलेली दिसेल. तिथला स्क्रू किती घट्ट आहे ते आधी तपासा, मग भोकाचं माप.